पुनरागमनाय च म्हणण्याची घाई

गेल्या वर्षी ताई पोचायच्या आत मी गणपतीची उत्तरपूजा करून टाकली. ती नवस फेडायला मुलुंडहून निघाली आहे हे मला माहीत होतं. तरीही.

बोरिवलीला आमच्या सोसायटीचा टेम्पो दीड दिवसाचे गणपती घेऊन चारला कृत्रिम तलावाकडे निघतो. उत्तरपूजा आधीच उरकली की मधे जरा आडवं होता येतं, एवढाच माझा शास्त्राधार. ऐन गणपतीत भटजी मिळत नाहीत, त्यामुळे मंत्र मीच सांगतो आणि मीच ऐकतो. अक्षता वाहिल्या, 'पुनरागमनाय च' म्हणालो, मूर्ती जागची हलवली. मूर्ती हलली की देव निघाले, मागे राहते ती माती. हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ते दोन शब्द माझ्या विशेष लाडके. पाहुणे जिना उतरू लागले की मी मागून अक्षता टाकल्यासारखा हात करून 'पुनरागमनाय च' म्हणतो. एकदा बँकेच्या वसुलीवाल्यालाही म्हणालो होतो. तो आला पुन्हा.

तर ताई आली. वर्षभरात तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. उभी राहून मोदक करीन आणि गणपतीला नैवेद्य दाखवीन, असा तिचा नवस. लिफ्ट नसलेले तीन मजले ती काठीशिवाय चढून आली, हातात डबा. दारातूनच तिची नजर मखराकडे गेली. मूर्ती तिरकी.

"हलवलास?"

"अगं, टेम्पो..."

"मेल्या, फोन करून सांगितलं होतं ना येतेय म्हणून!"

मी डगमगलो नाही. म्हटलं, "ताई, अर्थ बघ ना. पुन्हा येण्यासाठी जा, असंच म्हटलंय. पुढच्या वर्षी लवकर या, हे आपलं. संस्कृतात वर्षाचा उल्लेखच नाही. आता लगेच बोलावलं तरी चालतं." आणि मूर्ती धरून पुन्हा सरळ करायला लागलो.

"रिक्षा आहे का रे ती, रिव्हर्स घ्यायला?"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी म्हणत होते यांना, थांबा. पण यांना झोप आवरत नव्हती."

ताई डबा मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि झाकणावरून हात फिरवत राहिली. तिच्या शिव्या मी जन्मभर पचवल्या आहेत, हे मात्र जड गेलं. सकाळपासून ओट्यापाशी उभी होती ती. मी मनातल्या मनात तो श्लोक पहिल्यापासून म्हणायला लागलो आणि शेवटाला पोचायच्या आतच अडकलो.

"ताई, पार्थिव!"

"कोण गेलं?"

"कोणी नाही गं. श्लोकात पार्थिव पूजा घेऊन जा म्हटलंय. पार्थिव म्हणजे मातीची. निरोप दिला तो मातीच्या मूर्तीतल्या देवाला. देवघरातला पितळी गणपती कुठे गेलाय?"

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग बायकोला विचारलं, "त्याला नाही ना हलवलं याने?"

"नाही हो ताई. तो आपल्या जागी आहे."

आमचं देवघर भिंतीवर, छातीच्या उंचीला. बसायची गरजच नाही. ताईने केळीच्या पानावर मोदक मांडले, तूप सोडलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले. चांगली उभी राहिली, कशाचाही आधार न घेता. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मलाही काहीतरी झालं, पण माझं लक्ष मोदकांवर होतं असंच मी सांगत आलोय.

मोदक फोडताना मी म्हटलं, "बघ, मंत्राचा अर्थ कळत असला की कुठे अडत नाही."

ताई म्हणाली, "इतकं करून तो पुढच्या वर्षी येतो, हा त्याचा मोठेपणा. मी देव असते ना, तर तुझ्या जिन्याची पायरीसुद्धा चढले नसते."