सलामी संपायच्या आधी

मी पंधरा वर्षं लाठी शिकलो आणि त्या पंधरा वर्षांत मला न सांगता कोणीही एकदासुद्धा मारलं नाही. यात माझं कौतुक काही नाही. आमच्या आखाड्यात वार सांगून करायची पद्धत होती. समोरचा ‘शिर’ म्हणाला की लाठी डोक्यावर येणार, ‘कमर’ म्हणाला की कमरेवर, ‘घोटा’ म्हणाला की आपण उडी मारायची. तीन वार त्याचे, तीन आपले. इतका सभ्य व्यवहार मी नंतर कुठल्याच संस्थेत पाहिला नाही, आणि माझी नोकरी शिक्षणखात्यात आहे.

आखाडा अमरावतीला राजापेठेत होता, अजूनही आहे. आता त्याच्या एका अंगाला अकरावी-बारावीच्या शिकवणीचे क्लास आहेत आणि दुसऱ्या अंगाला कराटेचा. कराटेच्या फलकावर एक माणूस हवेत उडालेला दाखवला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘रस्त्यावर स्वतःचं रक्षण करा’. त्या रस्त्यावर दुचाकींची अशी दाटी असते की पाय उचलायला जागा नाही, उडणं लांबच.

आमचे वस्ताद एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सकाळी गाड्यांखाली झोपायचे, संध्याकाळी आम्हाला उभं करायचे. त्यांचा सगळा जोर दोन गोष्टींवर. एक पडणं. हनुवटी छातीला, हात आपटायचा, डोकं वाचवायचं. आम्ही आधी सहा महिने फक्त पडायला शिकलो. दुसरी सलामी. लाठी जमिनीवर आडवी ठेवायची, उजवा गुडघा टेकायचा, माती बोटाला घेऊन कपाळाला लावायची आणि मग समोरच्याच्या डोळ्यांत बघत उठायचं. दोघांची सलामी झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही. सलामी चालू असताना हात टाकणाऱ्याला महिनाभर आखाडा झाडायला लागायचा.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, “वस्ताद, हे खऱ्या मारामारीत चालते काय?”

ते मातीत पाणी मारत होते. म्हणाले, “खऱ्या मारामारीत आपन काहून जाव?”

हे उत्तर मी टाळाटाळ समजलो. पुढे मी बरीच पुस्तकं वाचली. त्यांतल्या निम्म्या पुस्तकांत असं होतं की जुन्या विद्येपुढे बंदूकसुद्धा टिकत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांत असं की जुनी विद्या म्हणजे निव्वळ नाच. दोन्ही प्रकारचे लेखक कधी पडले असतील असं वाटत नव्हतं.

मी ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवतो. लढायांची कारणं आणि लढायांचे परिणाम, एवढं आलं की मुलं पास होतात. मधली लढाई ऐच्छिक असते. माझंही तसंच चाललं होतं. गणपतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवायची, लोक गोल करून उभे राहायचे, नारळ फोडून दाखवायचा. नारळ हा प्रतिस्पर्धी म्हणून आदर्श. जागचा हलत नाही आणि टाळ्या सगळ्या आपल्याला मिळतात.

चूक एवढीच झाली की स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही मी लाठी फिरवली. मित्रांनी आग्रह केला, बँडवाल्यांनी ताल धरला आणि अकोल्याची सासरची मंडळी चार पावलं मागे सरकली. त्या दिवसापासून अकोल्यात मी ‘अमरावतीचे पैलवान’ झालो. माझं पोट पुढे आलं, चष्मा लागला, पण ती पदवी कोणी काढून घेतली नाही.

सासऱ्यांची शेती अकोल्याजवळ. झेंडू आणि शेवंती. दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून ते बाजाराच्या एका कोपऱ्यावर बसायचे. तिथे दोन रस्ते मिळतात, त्यामुळे गिऱ्हाईक दोन्हीकडून येतं. त्या जागेचा कागद नाही. रिवाज असा की दसऱ्याच्या दोन दिवस आधी आपलं फाटकं पोतं अंथरायचं, वर दगड ठेवायचा. ज्याचं पोतं त्याची जागा. कोणाचं पोतं कुठलं हे बाजाराला पाठ असतं. आणि एक वर्ष जो तिथे बसला नाही, त्याची जागा गेली. पुढच्या वर्षी रडून उपयोग नाही.

चैत्रात सासरे गेले. दसऱ्याला सासूबाई आणि माझा मेहुणा बसणार होते. आदल्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, परतवाड्याकडून एक जन झेंडूचा टेम्पो घेऊन आला. आपलं पोतं गुंडाळून बाजूले ठेवलं त्यानं. बसून राहिला जाग्यावर.”

“मग बोल त्याच्याशी.”

“बोललो. म्हने, पोत्यावर नाव हाय काय?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आई रडून राहिली. बाबाची जागा गेली म्हनते. तुमी या. लाठी घेऊन या.”

मी लाठी काढली, तेव्हा बायको दारात उभी होती.

“तुम्ही कधी कोणाला मारलंय का?”

“नाही.”

“मग जाऊन काय करणार?”

“उभा राहीन.”

“उभं राहायला लाठी कशाला लागते?” ती म्हणाली. मग तिचाच आवाज बदलला. “जा तरी. ती जागा गेली तर आईला पुढच्या वर्षी बाजारात तोंड दाखवायला कारण उरणार नाही.”

एसटीत लाठी कुठे ठेवावी हा प्रश्न युद्धशास्त्राच्या पुस्तकांत घेतलेला नसतो. ती उभी राहत नव्हती आणि आडवी ठेवली की उतरणाऱ्यांच्या पायात येत होती. कंडक्टरने विचारलं, “हे काय होय?”

“लाठी.”

“कायले?”

“सरावाची आहे.”

त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि शेजारच्या बाईला म्हणाला, “मावशी, पाय सांभाळजा, पैलवान हायत.” मूर्तिजापूरपर्यंत ती बाई पाय वर घेऊन बसली.

बाजारात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कोपऱ्यावर झेंडूचा कमरेएवढा ढीग, त्याच्यामागे माझ्याच वयाचा, जाड मिशांचा माणूस. आमचं पोतं गुंडाळून विजेच्या खांबाला टेकवलेलं. सासूबाई खांबाजवळ रिकाम्या टोपलीवर बसल्या होत्या. त्यांची फुलं अजून ऑटोतच होती. मेहुण्याने मला पाहिलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “आले. आता बोल.”

लोक जमले. मिरवणुकीत जमायचे तसेच, गोल करून. हा गोल हाच माझ्या नाशाला कारण झाला. गोल दिसला, मध्ये मोकळी जागा दिसली, ढिगाला वळसा घालून तो माणूस समोर उभा राहिलेला दिसला (ढीग आता माझ्या पाठीशी होता), आणि पंधरा वर्षांची सवय माझ्या आधी जागी झाली. मी लाठी जमिनीवर आडवी ठेवली, उजवा गुडघा टेकला आणि मातीला हात लावला.

त्याच क्षणी त्याने मला दोन्ही हातांनी ढकललं.

तो ‘शिर’ म्हणाला नाही, ‘कमर’ म्हणाला नाही. मी मागच्या मागे झेंडूच्या ढिगात गेलो. हनुवटी छातीला, हात आपटला, डोकं वाचलं. वस्तादांनी पाहिलं असतं तर पडण्याबद्दल एक शब्द काढला नसता. लाठी मात्र जिथे ठेवली होती तिथेच, अगदी सरळ, पडून होती. चष्मा कपाळावर गेला होता. गर्दीत कोणीतरी म्हणालं, “अबे, तो तं सलामी देऊन राहिला होता.”

“मले काय मालूम?” तो माणूस म्हणाला. तो घाबरलेला होता, आणि हे मला फुलांतून पडल्या पडल्या दिसत होतं. “मले वाटलं गोटा उचलून राहिला.”

आजही मला त्याच्यात दोष सापडत नाही. रस्त्यावरच्या भांडणात माणूस खाली वाकतो तो दगडासाठीच. त्याने जे पाहिलं त्यावरून योग्य ते केलं. माझ्या शिक्षणात त्याच्यासारख्या माणसाची सोय केलेली नव्हती, एवढंच.

मी उठून काय करणार होतो ते मला माहीत नाही. लाठी फिरवायला आठ हातांची मोकळी जागा लागते. तिथे चार हातांवर शेवयांची गाडी होती आणि वर कोणाची तरी ताडपत्री. मेहुणा पुढे सरकला, टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरला. आता खरोखर काहीतरी होणार होतं, आणि त्यात डोकी फुटली असती.

तेवढ्यात सासूबाई टोपलीवरून उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या माणसाला म्हणाल्या, “माह्या जवायाले पाडलं तुनं.”

ड्रायव्हर होता तिथेच थांबला, मेहुण्याने पुढे टाकलेला पाय मागे घेतला. लाठीने जे झालं नसतं ते या चार शब्दांनी झालं. आमच्याकडे सासुरवाडीत जावयाला उन्हातसुद्धा उभं ठेवत नाहीत. त्याला आधी पाणी, आधी चहा, आधी खुर्ची. त्याला भर बाजारात, सासूदेखत, सासरा गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला पाडायचं, याला शिक्षा काय हे कुठल्या आखाड्याने ठरवलेलं नाही.

“जवाई होय हे?” तो माणूस म्हणाला. त्याच्या मिशा खाली आल्यासारख्या वाटल्या. “मावशी, आईची आन, मले वाटलं भाड्यानं आनलेला मानूस होय.”

“भाड्याचा असता तं असा पडला असता काय?” मागून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. मीही हसलो असतो, पण तोंडात पाकळ्या होत्या.

तो स्वतः पुढे झाला आणि मला हात देऊन उठवलं. माझ्या शर्टावरची फुलं झटकली. ड्रायव्हरला म्हणाला, “जाय, पावन्यायले चहा आन. इलायचीचा सांगजो.” मग सासूबाईंकडे वळून, जरा खालच्या आवाजात, “मलेबी दोन जवाई हायत, मावशी. चुकलं. उचलतो मी माल.”

पण माल उचलून तो नेणार कुठे होता? बाकीच्या सगळ्या जागांवर पोती होती, पोत्यांवर दगड होते. झेंडू उन्हात दोन दिवसांच्या वर टिकत नाही. त्याने मजूर बोलावले, ढिगाकडे पाहिलं आणि नुसताच उभा राहिला. मेहुण्याच्या चेहऱ्यावर विजय दिसत होता. या विजयात मीही असावं असं त्याला वाटत असावं, कारण त्याने लाठी उचलून माझ्या हातात दिली.

सासूबाईंनी पोतं खांबापासून उचललं, ढिगापुढे कोपऱ्याच्या तोंडावर अंथरलं, दगड ठेवला आणि पोत्यावर बसल्या. मग त्या माणसाला म्हणाल्या, “मांगं सरक. मागच्या अंगाले लाव तुहा माल. तोंडावर मी बसीन.”

“आई?” मेहुणा म्हणाला.

“त्याचा माल सडून तुले काय भेटते? बाप असता तं त्यानंबी हेच केलं असतं. फक्त आधी दोन शिव्या देल्या असत्या.”

मी चहा प्यायलो. इलायची भरपूर होती. त्यानंतर लाठीला काम आलं ते वरच्या ताडपत्रीचं. वारा सुटला की ती फडफडायची, म्हणून सासूबाईंनी लाठी मागून घेतली आणि ताडपत्रीखाली टेकू म्हणून लावली. उंची बरोबर बसली. त्या दिवशी आणि दसऱ्याच्या सकाळी मी खुर्चीवर बसून फुलं तोलत होतो. येणारी गिऱ्हाइकं मेहुण्याला विचारायची, इथे काय झालं म्हणे? आणि तो सांगायचा. पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा मी पडलो होतो. दसऱ्याच्या दुपारपर्यंत मी वार चुकवायला खाली बसलो होतो. मागे बसलेला परतवाड्याचा माणूस हे सगळं ऐकत होता आणि एकदाही मध्ये बोलला नाही. जावयाची अब्रू सांभाळण्याचा त्याचा हा दुसरा प्रयत्न असावा.

एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्याने मला विचारलं, “पावने, खरंच शिकले काय तुमी लाठी?”

“पंधरा वर्षं.”

त्याने विचार केला. “मंग मी वाचलो म्हनायचं,” तो म्हणाला. त्यात टोमणा होता की नाही हे मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

त्या वेळी माझ्या मनात आलं की तोही वाचला आणि मीही. त्याने मला सलामी पुरी करू दिली असती, तर पुढचा वार मला करावा लागला असता. तो कदाचित लागला असता. त्याच्या डोक्यातून रक्त आलं असतं, आणि मग जावई होतो की कोण होतो हे विचारायला कोणी थांबलं नसतं. पोलीसठाण्यात बसून सासूबाईंनी दसरा काढला असता, आणि कोपऱ्यावर तिसराच कोणीतरी बसला असता.

दुपारी एकपर्यंत फुलं संपत आली. परतवाड्याच्या माणसाने आपली टोपली आवरली आणि जाताना सासूबाईंना विचारलं, “मावशी, पुढच्या वर्षी मांगच्या अंगाले येऊ काय?”

“ये. पन मले इचारून ये.”

“पोतं टाकून ठेवसान काय तुमी?”

“पोत्यानं काई होत नाई, हे यंदा समजलं,” त्या म्हणाल्या. “मीच येऊन बसीन. दोन दिवस आधीपासून. भाकर बांधून आनीन, इथंच बसीन.”

“आन भाऊजी?” मेहुण्याने विचारलं. त्याला माझा पुढच्या वर्षीचा वार आत्ताच ठरवून घ्यायचा होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पदराने हात पुसले. “ते जवाई हायत,” त्या म्हणाल्या. “ते जेवाले येतीन.”