मुकादमाच्या गोळ्या माझ्या मुठीत

बीपी मोजताना पेशंटने बोलायचं नसतं. नर्सिंगमध्ये शिकलेल्या सगळ्या नियमांत मला हा नियम सर्वांत आवडतो. मुकादम पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसला आणि "तू त्या बाईनी पोर ना?" म्हणाला, तेव्हा मी त्याला तोच ऐकवला. "सिस्टर म्हणायचं. आणि गप्प बसा. पाय खाली टेका, हात टेबलावर. नाही, थांबा. तोंडातला गुटखा आधी थुंकून या, मग अर्धा तास बाकावर बसा." अर्धा तास! आमच्या पाड्यावरच्या बायांना पहाटे ट्रकमागे पळवणारा हा माणूस भिंतीला पाठ लावून मुकाट बसला होता. काय सांगू, पोट भरलं माझं.

मी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली. दिवाळी झाली की आई ह्याच मुकादमाच्या टोळीत गुजरातला ऊस तोडायला जायची. तिच्या कोयत्यावर मी नर्स झाले. मला नोकरी लागल्यावरही ती थांबेना. हातपाय चालतात तोवर जाते, म्हणायची. एकदा सुट्टीत सहज तिच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि आकडा बघून तशीच तिला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

त्या वर्षी निघताना मी तिला हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या बांधून दिल्या. डोकं दुखो न दुखो, रोज सकाळी भाकरीनंतर एक, असं तिच्याकडून घोकून घेतलं. बीपी मोठं लबाड दुखणं. दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत नसा पोखरतं आणि एक दिवस माणसाला धाडकन पाडतं. आईला हे कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

पण टोळीत रीत अशी की कुणाचंही औषध मुकादमाच्या पत्र्याच्या पेटीत राहायचं. झोपडीत उंदीर नेतात, दव लागतं, म्हणून. टोळीत कुणाचं डोकं दुखलं की हा पेटी उघडायचा आणि आईची गोळी त्याच्या हातावर ठेवायचा. बीपीची गोळी म्हणजे डोकेदुखीची गोळी, हे त्याचं शास्त्र! आई मागायला गेली की विचारायचा, "तुन्हं डोकं दुखी ऱ्हायनं का?" ती भोळी खरं सांगायची, नाही दुखत. "मंग गोळी कसाले जोयजे?" म्हणत पेटी बंद. टोळीतल्या बायांनी मला हे सगळं नंतर सांगितलं. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग अजून उतरलेली नाही, आणि मला ती उतरवायचीही नाही.

ती उसाच्या फडातच पडली. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी. हा म्हणाला, आधी गाडी भरा, मग बघू. उसाच्या पाचटावर तिला निजवलं, तोंडावर तिचाच पदर टाकला आणि टोळीतले सगळे मोळ्या वाहत राहिले. गाडी भरून कारखान्याकडे गेली तेव्हा कुठे आईला दवाखाना दिसला. अर्धांगाच्या माणसाला लवकर नेलं तर काय काय वाचतं, हे मी शिकलेली आहे. तिच्या नशिबात होतं, असं मला कुणी सांगायला येऊ नये.

आता ती माझ्याकडे असते, मुकादमाच्याच गावातल्या दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये. तिला उठवते, बसवते, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलते. दोन-चार शब्द सोडले तर बोलणं गेलं. आणि हा बाबा हाकेच्या अंतरावर राहून एकदाही फिरकला नाही.

मग उंट पहाडाखाली आला. गरगरतंय म्हणून आला तेव्हा वरचा आकडा दोनशेला टेकला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ह्याला बरं वाटलं, ह्याने सोडल्या, आणि पुन्हा भेलकांडत आला. तेव्हा मीच डॉक्टरांना म्हटलं, ह्यांच्या गोळ्या माझ्याकडे ठेवते, रोज माझ्यासमोर खातील. डॉक्टरांना वाटलं, काय मन लावून काम करते पोरगी!

तेव्हापासून तो रोज सकाळी माझ्या दारात उभा. सगळ्या रांगेदेखत मी त्याला जीभ वर करायला लावते, गोळी गिळली का बघते. पापड बंद, लोणचं बंद, फरसाण बंद. "सैंधव तरी चालस ना?" म्हणाला. म्हटलं, मीठ ते मीठच, उपासाचं असो की समुद्राचं. चेहरा असा पडला की मी घरी जाऊन आईसाठी शिरा केला.

एके दिवशी मात्र गोळी धरलेली माझी मूठ उघडेना. आज नाही दिली तर? उद्या नाही, परवा नाही? मी काय विचार करतेय ते त्याला कळलं असावं, कारण त्याच्या कपाळावर घाम आला. मग दिली. माझी इच्छा नव्हती, तरी दिली.

दिवाळी झाली आणि तो अजिजीने म्हणाला, "सिस्टर, मन्ह्या गोळ्या मन्हा हातमा द्या ना. टोळी निंघी ऱ्हायनी."

"देते. आधी एक पेशंट बघून घ्या," म्हटलं, आणि त्याला क्वार्टरकडे घेऊन गेले. मला त्याला रडताना बघायचं होतं. त्याने आईच्या पाया पडावं, तिने तोंड फिरवावं, एवढंच मला हवं होतं.

आई अंगणात खाटेवर उन्हात बसली होती. त्याला बघताच तिने डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढला. मग घसरत खाटेच्या कडेला आली, चालता पाय खाली सोडून चपला चाचपू लागली.

"आले... मुकादम," ती म्हणाली. "गाडी... थांबवा."

मी धावले, तिला दोन्ही हातांनी धरलं. "आई, कुठे निघालीस? बस. कुठे जायचं नाही."

तिने त्या एका हाताने मला ढकललं. केवढा जोर होता त्यात.

"सोड," ती म्हणाली. "खाडा पडेल." चिडली होती ती, आणि माझ्यावर.