मिसिसागाला नेलेली संत्री

नागपूरच्या विमानतळावर आई रडत होती, बाबा बॅगेला बांधलेली दोरी पुन्हापुन्हा ओढून बघत होते, आणि माझी धाकटी बहीण रेवती चक्क भांडत होती. "दादा, तू चाललास अमेरिकेला. मग भाऊबीजेला कोण येणार? तुझा बॉस?" मी म्हटलं, फोन करीन ना बाप्पा. त्यावर बाबा दोरी सोडून वळले. "भाऊबीज फोनवर होत नसते. उंबरठा ओलांडून आत यावं लागतं." बाबा मुळात कमी बोलायचे, त्यामुळे त्यांचं एवढं वाक्य मला न्यू जर्सीतल्या पार्सिपनीपर्यंत पुरलं.

बाबांना तसं बोलायचा हक्क होता. ते दरवर्षी भाऊबीजेला माझ्या आत्याकडे काटोलला जायचे, आणि सोबत पिशवीभर संत्री न्यायचे. ज्यांना काटोल माहीत नाही त्यांना सांगतो, तिथे जिकडे बघावं तिकडे संत्र्यांचे बगीचे. आत्याच्या स्वतःच्या परसात दोन झाडं होती. तरी बाबा सीताबर्डीच्या बाजारातून संत्री विकत घेऊन काटोलला जायचे आणि आत्या ती देवासमोर ठेवायची. एका वर्षी पिशवी एसटीतच राहिली. बाबांचं तोंड एवढंसं झालं. आत्या काही न बोलता परसात गेली, चार संत्री तोडून आणली, बाबांच्या हातात ठेवली आणि पदर पसरून म्हणाली, "आता दे मला." मी आणि रेवती ओसरीवर बसून हे बघत होतो आणि फिदीफिदी हसत होतो.

मी गेल्यावर चार वर्षांनी रेवती लग्न करून कॅनडात गेली, टोरांटोच्या शेजारी मिसिसागाला. घरी आनंदीआनंद. बाबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे बघा, एका बोटाचं अंतर. आई तर शेजारीपाजारी सांगत सुटली की दोघंही अमेरिकेतच असतात. रेवती फोनवर चिडायची. "आई, कॅनडा म्हणजे अमेरिका नाही!" आई म्हणायची, "हौ, हौ, तेच ते." आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच.

त्यानंतर चौदा वर्षं मी एकही भाऊबीज चुकवली नाही. आठ तास ड्राइव्ह करायचं, बफेलोजवळ सरहद्दीच्या नदीवरचा पूल ओलांडायचा, आणि डिकीत संत्र्यांची पेटी. नागपूरची इथे कुठून मिळणार, म्हणून फ्लोरिडाची. उन्हाळ्यात रेवती आमच्याकडे यायची. बाबा गेले त्या वर्षी तर ती सहा आठवडे आमच्याकडे राहिली. मधे पूल आहे हे आम्ही जवळजवळ विसरलोच होतो.

मग इकडचं वातावरण बिघडत गेलं. तुमच्यापैकी जे इथे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. घरोघरून एकेक पदार्थ आणून जेवायच्या आमच्या मराठी पॉटलकला आता राजकारणावर बोलणं बंद आहे, व्हिसावर बंद आहे, आणि टॅक्सवरसुद्धा बंद आहे. उरले फक्त साबुदाणा आणि मुलांचे मार्क. समोरच्या घरातले काका आणि त्यांचा सख्खा मुलगा निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. त्यातच शेजारच्या देशाला आपलं एक राज्य करून टाकू अशी भाषा टीव्हीवर ऐकू येऊ लागली. मला ती भारी विनोदी वाटली. मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "रेवू, पुढच्या भाऊबीजेला पासपोर्ट लागणार नाही. तू आमच्यातच येणार म्हणे!" आणि पुढे तीन हसरे चेहरे.

तिने वाचलं. उत्तर नाही दिलं. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली होती.

जूनमध्ये तिने आमच्याकडचं येणं कॅन्सल केलं. "यंदा आम्ही इकडेच फिरणार आहोत," एवढंच. फोन आखूड झाले. मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी बायकोला म्हटलं, "नागपूरची पोरगी ही, हिला काऊन एवढं झोंबलं? ते बोलणारे कोण, आपण कोण?" मेधा भाजी चिरता चिरता म्हणाली, "तिच्या घराची चेष्टा केलीस तू. मलाही झोंबलं असतं." माझी पंधरा वर्षांची ईरा तर मानही वर न करता म्हणाली, "बाबा, इट वॉजन्ट फनी." घरात मी एकटा पडलो.

दरवर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी रेवतीचा फोन यायचा, किती वाजता निघताय म्हणून. यंदा आला नाही. मी आईला नागपूरला फोन लावून म्हटलं, तिने बोलावलंच नाही तर कसा जाऊ? आई म्हणाली, "तुझे बाबा काटोलहून बोलावणं यायची वाट बघत बसायचे का रे?" मेधाला सुट्टी नव्हती. भाऊबीजेच्या दिवशी पहाटे मी आणि ईरा निघालो.

सवयीने मी डिकीत पेटी टाकली होती. वाटेत कॉफीला थांबलो तेव्हा ईराने डिकी उघडली आणि म्हणाली, "बाबा! दे आर फ्रॉम फ्लोरिडा. आत्या अमेरिकन काहीच बाय करत नाही आता. शी टोल्ड मी." म्हणजे आत्या-भाचीचं बोलणं सुरू होतं, मलाच पत्ता नव्हता. मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. त्या पार्किंग लॉटमध्ये उभा राहून मी एकेका संत्र्यावरचं स्टिकर नखाने खरवडून काढू लागलो. ईरा हाताची घडी घालून बघत राहिली. "दॅट्स काइंड ऑफ लाइंग, बाबा." तेरा-चौदा झाली असतील, मग मी डिकी बंद केली.

पुलापलीकडे कॅनडाच्या अधिकाऱ्याने विचारलं, कशाला आलात? म्हटलं, बहिणीकडे. वर्षातून एकदा ती मला ओवाळते. फळं वगैरे आहेत का? आहेत, संत्री. कुठली? माझी जीभ जरा अडखळली. फ्लोरिडाची. त्याने पासपोर्टवरून नजर उचलली, आमच्याकडे नीट पाहिलं, आणि विचारलं, "तुमची बहीण खाईल ती?" मी म्हटलं, माहीत नाही. "गुड लक, सर," तो म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवून हसू लपवलं.

रेवतीच्या गल्लीत घरोघरी कॅनडाचे झेंडे लागले होते. चौदा वर्षांत मी ते कधी पाहिले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गाडीची न्यू जर्सीची पाटी झाकून टाकावीशी वाटली. दाराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात मार्गरेट पानं गोळा करत होती. ही सत्तरीची बाई रेवतीच्या बाळंतपणात रोज सूप घेऊन यायची, त्यामुळे आम्हाला ती घरचीच. "ग्रोसरीला गेलीय, येईलच," ती म्हणाली. मी नुसतं उभं राहण्यापेक्षा तिच्या पिशवीत पानं भरू लागलो.

गेले वीस हिवाळे ती फ्लोरिडात काढत आली होती. यंदा तिने तिथलं छोटं घर विकून टाकलं. "शेजारी फोन करतात अजून," ती म्हणाली, "चांगली माणसं आहेत. माझी झाडं सांभाळायची. पण बोलताना त्यांनाही शब्द सुचत नाहीत आणि मलाही." मग तिने मला विचारलं, तुमच्याकडे घराघरात दोन तट पडलेत म्हणतात, खरं का? मी समोरच्या काकांची गोष्ट सांगितली. तिला मनापासून वाईट वाटलं. "आम्ही तुमच्या बातम्या रोज बघतो. तुमच्या सगळ्या राज्यांची नावं मला पाठ आहेत. तुम्हाला आमच्यातली चार तरी येतात का?" मी मनातल्या मनात मोजली. तीन आली. "तुमच्या घरात भांडण चाललंय, त्याचं मला दुःख आहे. पण म्हणून तुम्ही आमचं अंगण तुमचं म्हणायचं नाही. आणि ते ऐकून तुमच्यातली चांगली माणसं हसली, ते मला फार लागलं." तिला माझ्या मेसेजबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी खाली वाकून पानं भरत राहिलो.

तेवढ्यात रेवतीची गाडी आली. ती हातात पिशव्या घेऊन उतरली, माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "जेवलात?" आमच्या घरात रडू आलं की जेवणाचं विचारतात.

आत गेलो तर हॉलमध्ये पाट मांडलेला, भोवती रांगोळी, तबकात निरांजन तयार. म्हणजे ही सकाळपासून वाट बघत होती. ओवाळून झाल्यावर मी म्हटलं, "रेवू, चुकलं माझं. मला वाटलं, हे त्या गोऱ्यांचं आपसातलं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं. मी तसं लिहायला नको होतं."

"लिहिलंस त्याचं एवढं नाही रे दादा, तू हसलास," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "मी इथे नागरिकत्वाची शपथ घेतलीय. माझी मुलं इथे जन्मली. बाबा गेले तेव्हा मी त्या मार्गरेटच्या खांद्यावर रडले. हे माझं घर आहे. तुला ते अजून तुझ्या घराचं परसदार वाटतं. आईसारखंच. हौ हौ, तेच ते."

मी पाटावरून न उठताच म्हटलं, "ओवाळणीची संत्री गाडीतच आहेत. फ्लोरिडाची आहेत. काही स्टिकरं मी काढली."

"काय केलंस?" तिने ईराकडे पाहिलं. ईराने मान डोलावली. रेवती इतकी हसली की निरांजन विझतं की काय असं वाटलं. मग ती उठली आणि मघाची किराणाची पिशवी घेऊन आली. "मला माहीतच होतं तू तिकडचीच आणशील. मी ती घेणार नाही, सांगून ठेवते." तिने पिशवीतून चार संत्री काढली, माझ्या दोन्ही हातांत ठेवली, ओढणी पसरली आणि म्हणाली, "मोरोक्कोची आहेत. आता दे मला."

दिली. ईराला काही कळेना, आम्ही दोघं एकाच वेळी हसत का होतो आणि रडत का होतो.

फ्लोरिडाची पेटी जशी नेली तशीच परत आणली. परतीच्या वाटेवर आम्ही बापलेक ती सोलून खात आलो. तुम्ही तिकडून विचारता ना, आता घर कुठलं वाटतं म्हणून? खरं सांगू, मी चुकीचीच वस्तू घेऊन येणार हे जिला आधीपासून माहीत आहे, आणि तरी जी पाट मांडून ठेवते, तिचं दार मला घर वाटतं. ते दार दुसऱ्या देशात आहे, एवढं आता मी विसरणार नाही.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काटोलसारखंच केलं पोरीने." पुढच्या रविवारी तिच्याशी फोनवर बोलत होतो, तर तिच्याकडे कुणीतरी काकू आल्या होत्या, दोघंही अमेरिकेतच ना हो, असं विचारत होत्या. आई फोन हातात धरूनच त्यांना म्हणाली, "नाही हो. मुलगा अमेरिकेत. मुलगी कॅनडात असते. वेगळा देश आहे तो."