शेवटच्या गाडीचा दिवा

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की चंद्रपूर थोडं निवांत व्हायचं. एरवी कोळसा सगळीकडे असायचा. दोरीवर वाळत घातलेल्या साडीवरून बोट फिरवलं तर बोट काळं व्हायचं, आणि संध्याकाळी घरोघरच्या शेगड्यांचा धूर गल्लीत उतरून तिथंच बसून राहायचा. सुट्टीत ट्रक कमी होत. भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागत. तेव्हा कळायचं की या शहरात राहणारी बरीच माणसं इथली नाहीतच; ती कामापुरती आलेली आहेत आणि त्यांचं खरं घर कुठंतरी दुसरीकडे आहे.

आमच्या घरी दिवाळीची पूजा नव्हती. आमचा सण त्याआधीच, दसऱ्याच्या सुमारास होऊन जायचा. वडील होते तोवर आम्ही पांढरे कपडे घालून त्यांच्यासोबत धम्मदीक्षेच्या सोहळ्याला जायचो. दिवाळी म्हणजे नुसती सुट्टी. मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे वाचायच्या राहिलेल्या पुस्तकांची सुट्टी. तरीही वर्षातून आमचं घर जर कधी भरत असेल तर ते दिवाळीतच, आणि ते दादाच्या मोटारसायकलमुळे.

दादा टेलिफोनच्या खात्यात लाइनमन होता. जंगलात कुठं खांब पडला, तार तुटली की त्याला जावं लागे. आई त्या गाडीला फटफटी म्हणायची आणि तिच्यावर जरा रागही धरायची. पण दादाला माणसं मिळाली ती या गाडीमुळेच. शहरात ओळख व्हायची तर आधी आडनाव विचारत, मग वस्ती विचारत, आणि वस्तीचं नाव सांगितलं की काहींचा सूर बदलत असे. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीशी कुणी थांबलं तर तो आधी विचारी, प्लग पाहिला का? बाकीचं विचारायचं राहूनच जाई.

घुग्घुसचे भाऊ, आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो, असेच भेटले होते. ते कोळशाच्या खाणीत कामाला होते. रात्रपाळी करून घरी जाताना त्यांना रस्त्याच्या कडेला दादा दिसला, आणि ते झोप सोडून त्याच्याबरोबर गाडी उघडून बसले. दुसरा मित्र धानोऱ्याचा. म्हणजे धानोऱ्याजवळच्या एका गोंड गावचा, चंद्रपुरात लाकडाच्या डेपोवर नोकरीला. तो आणि दादा एका पावसाळ्यात वैनगंगेच्या काठावर अडकले होते. पुलावरून पाणी होतं. पाणी उतरेपर्यंत दोघं एकाच चहाच्या टपरीत बसले, आणि पाणी उतरल्यावर सोबतच निघाले.

मग तिघं दर दिवाळीत धानोऱ्याच्या त्या गावी मंडईला जाऊ लागले. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. त्या दिवशी पाहुण्यांना मुद्दाम बोलावतात; ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला चुकल्यासारखं होतं.

त्यांची गाड्या चालवायची एक रीत होती. ती घुग्घुसच्या रस्त्यावर तयार झालेली. तिथं कोळशाच्या ट्रकमागे इतकी धूळ उडायची की पुढची गाडी मागच्याला दिसत नसे आणि मागची पुढच्याला. म्हणून जो शेवटी असेल त्यानं भरदिवसा दिवा लावून यायचं. पुढच्यानं नाला ओलांडला की पलीकडे थांबायचं, आणि शेवटच्या गाडीचा दिवा दिसला की मगच निघायचं. शेवटी नेहमी दादा असायचा, कारण पाने आणि जादाचे प्लग त्याच्या पिशवीत असत. कुणाची गाडी पुढं बंद पडली तर मागून येणाऱ्यालाच ती सापडणार.

गावात शिरल्यावरही तो दिवा बंद करायला विसरायचा. दुपारी गल्लीतून येताना पोरं, बायका, सायकलवाले हाताचा पंजा उघडून-मिटून त्याला खुणावत. आई फाटकातूनच म्हणे, "दिवसा लाईट जाळत येते हा. सूर्व्या काय कमी पडला?" मग तो तिला ती शेवटच्या गाडीची गोष्ट पुन्हा सांगायचा. तिला ती पाठ झाली होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला दादा भामरागडकडून ताप घेऊन आला. दोन दिवस अंगावर काढला. ताप मेंदूत गेला आणि तो दवाखान्यातून परत आला नाही.

त्याच्याबद्दल एवढंच लिहायला मला फार वेळ लागला आहे. पुढचं लिहिणं सोपं आहे असं नाही.

आई रडली नाही असं नाही, पण तिनं त्याचं नाव घेणं थांबवलं. त्याचे कपडे देऊन टाकले. गाडी तेवढी अंगणात टिनाखाली राहिली, जुन्या चादरीनं झाकलेली. आई अंगणात गेली तरी त्या बाजूला पाहत नसे. वरोऱ्याचा माझा मामेभाऊ गाडी मागत होता, आणि आईनं त्याला सांगितलं होतं की दिवाळी झाली की घेऊन जा. गाडी मला चालवता येत नव्हती, आणि तिच्याकडे पाहणं मलाही जमत नव्हतं. पण ती गेली की ते दोघं आमच्याकडे कशाला येतील, हे मला राहून राहून वाटायचं. ते दादाचे मित्र होते. आमच्या घरात दोन बायका उरलेल्या. वडिलांमागे घराला जी माणसं होती ती या गाडीच्या वाटेनं आलेली, आणि आता त्याच वाटेनं जातील.

दिवाळीनंतर दोन दिवसांनी सकाळी फाटकाशी गाडीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. आईही स्वयंपाकघरातून आली. घुग्घुसचे भाऊ गाडीवर होते आणि धानोऱ्याचा त्यांच्या मागे बसलेला. त्याची स्वतःची गाडी होती. तो कधी कुणाच्या मागे बसत नसे.

"एकाच गाडीवर आले," आई हळू म्हणाली. मला तेव्हा उमगलं नव्हतं, तिला उमगलं होतं.

दोघं ओसरीवर बसले. चहा झाला. भाऊंनी खाणीतल्या कुणाचं तरी सांगितलं, शाळेचं विचारलं. दादाबद्दल कुणीच काही बोललं नाही. मग भाऊ अंगणाकडे पाहत म्हणाले की उभी गाडी जाम होते, जरा सुरू करून पाहतो. आईनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती आत गेली.

त्यांनी चादर काढली, जुनं पेट्रोल काढून टाकलं, प्लग खोलून पॉलिश पेपरनं घासला. धानोऱ्याचा किक मारत राहिला. मी आईजवळ होते. ती सांभारवडीसाठी कोथिंबीर निवडत होती. गाडी खोकत होती, बंद पडत होती. मग एकदम सुरू झाली, आणि धुराचा तो वास घरात आला. दादा घरी आला की यायचा तोच. आईचा हात कोथिंबिरीतच थांबला. बराच वेळ तिनं जुडीकडे पाहिलं आणि मग पुन्हा निवडू लागली.

धानोऱ्याचा दारात येऊन उभा राहिला. तो फार बोलणारा नव्हता.

"माय, मंडईले चाला. माझी माय वाट पाहून राह्यली. दादानं तिले सांगतलं होतं, औंदा मायले आणतो म्हणून."

आई म्हणाली, मले नाई जमत फटफटी.

"चालवाले कोण सांगून राह्यलं?" भाऊ बाहेरून म्हणाले. "फक्त बसाचं हाय. आन मास्तरीणबाईलेही घ्या. पुस्तक मात्र घरी ठेवा म्हणा, हवेनं पानं उडतीन."

आई हसली नाही, पण तिनं सांभारवडी जास्त केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी साडी नेसून, पदर कमरेला घट्ट खोचून ती दादाच्या गाडीवर बसली. धानोऱ्याचा चालवत होता; त्यासाठीच त्यानं स्वतःची गाडी आणली नव्हती. पिशवी तिनं मांडीवर धरली होती. मी भाऊंच्या मागे.

मूल, मग सावली या गावांपर्यंत रस्ता बरा होता. धान पिकलं होतं, वाऱ्यावर त्याचा वास होता. भाऊंनी गाडी मुद्दाम सावकाश ठेवली होती. मी अधूनमधून मागे पाहायची. आईनं आधी दोन्ही हातांनी सीट धरली होती. वैनगंगेच्या पुलावर पाहिलं तेव्हा तिचा एक हात धानोऱ्याच्या खांद्यावर होता. पुलाच्या कठड्याकडे बोट करून तो तिला काही सांगत होता. तो आणि दादा जिथं अडकले होते तीच ती जागा असावी.

गडचिरोली मागं पडलं, डांबर संपलं आणि तांबडा मुरूम सुरू झाला. दोन्हीकडे साग. पुढून गेलेल्या गाडीची धूळ अंगावर नको म्हणून धानोऱ्याच्यानं अंतर वाढवलं, आणि मला आई दिसेनाशी झाली.

पहिला रपटा आला. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. पाणी वाढलं की बुडणारा. आम्ही ओलांडला आणि भाऊंनी पलीकडे गाडी थांबवली. थोड्या वेळानं धुळीतून दुसरी गाडी आली आणि आमच्या शेजारी थांबली. आईच्या भुवयांवर तांबडी धूळ होती. भाऊंनी आणि धानोऱ्याच्यानं पाय खाली टेकले आणि मागे वळून पाहिलं.

इंजिनं सुरूच होती. मला वाटलं, आता निघू. कुणीच निघालं नाही. धूळ हळूहळू खाली बसली. रपट्यापलीकडचा रस्ता स्वच्छ दिसू लागला, वळणापर्यंत, आणि त्यावर कुणी नव्हतं. तरी दोघं पाहतच होते. मी भाऊंना विचारणार होते की काही राहिलं का. मग माझ्या लक्षात आलं की ते दोघंही वळणाकडे, एकाच जागी पाहत आहेत. ते दिव्याची वाट पाहत होते.

आठवून कुणी थांबलं नव्हतं. हातापायांना सवय होती, त्यांनी आपलं काम केलं होतं. आणि आता निघायचं कसं, हे दोघांपैकी कुणालाही कळत नव्हतं. जो आधी क्लच सोडेल तो दादाला मागे टाकून जाणार होता.

"काऊन थांबले?" आईनं विचारलं.

भाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग तीही मागे वळली आणि त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली. नाल्याला अजून थोडं पाणी होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"तो नाई येत आता," ती म्हणाली. आमच्यापैकी कुणालातरी समजावावं तसं, अगदी हळू. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याबद्दल बोलत होती.

मग तिनं धानोऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटची गाडी हेच हाय ना, बापा? मंग लाव लाईट."

त्याला बटण सापडेना. गाडी त्याची नव्हती, आणि त्याला नीट दिसतही नसावं. शेवटी सापडलं. भर उन्हात तो दिवा लागला. पिवळा, अशक्त, धुळीनं माखलेल्या काचेतला. भाऊंनी तो पाहिला, मान हलवली आणि गाडी पुढं काढली.

त्यानंतर प्रत्येक रपट्यावर आम्ही थांबलो, दिवा आला की निघालो. मी सारखी मागे पाहत होते. धुळीत आधी काहीच नसे, मग एक पिवळा ठिपका, मग आईची पांढरी साडी.

त्या गावच्या मंडईबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, मी बहुतेक वेळ आईला पाहत होते. धानोऱ्याच्याच्या आईनं जोहार केला आणि तिला बाजेवर बसवलं. त्या बाईला मराठी थोडं येत होतं, आईला गोंडी मुळीच नाही. बाहेर ढोल वाजत होते, नाचणारे घरावरून जात होते, आणि या दोघी बाजेवर बसून टोपलीतली सीताफळं खात होत्या, बिया अंगणात टाकत होत्या. मध्येच त्या बाईनं आईचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच ठेवला. सीताफळानं दोघींचे हात चिकट झाले होते. आई तेव्हा रडली, मोकळी रडली. त्या बाईनं तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी परत येताना चंद्रपुरात शिरलो तेव्हा दुपार होती. कोळशाचा वास ओळखीचा वाटला. चौकात एका सायकलवाल्यानं पंजा उघडून-मिटून धानोऱ्याच्याला खूण केली, आणि मागून आई म्हणाली, "माहीत हाय, माहीत हाय."

वरोऱ्याचा मामेभाऊ दोन-तीन दिवसांनी आला. आईनं त्याला चहा दिला, उरलेल्या सांभारवड्या दिल्या. घरच्या सगळ्यांची चौकशी केली. तो अंगणाकडे पाहू लागला तेव्हा ती म्हणाली, "गाडी नाई देऊन राह्यली मी. राग नको धरजो. तिले मागून चालाचं असते."

त्याला काही समजलं नाही. मीही समजावून सांगितलं नाही.

हिवाळ्यात, मग उन्हाळ्यातही भाऊ कधीकधी येत आणि गाडी थोडा वेळ सुरू करून ठेवत. पण ते दर वेळी परत जाताना मी मनात धरून चालायची की हे शेवटचं. पुढच्या दिवाळीत, सुट्टी लागल्यावर दोन-चार दिवसांनी, मी ओसरीवर वाचत बसले असताना फाटकाशी आवाज आला. ते दोघं पुन्हा एकाच गाडीवर आले होते. मी पुस्तक मिटून उठले, पण फाटक उघडायला आई माझ्याआधीच पोचली होती. तिच्या हातात फडकं होतं. टिनाखाली गाडीच्या दिव्याची काच पुसता पुसता ती तशीच उठून आली होती.