ओल्यावर ओलं

धुळ्याला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करत होते तेव्हाची गोष्ट. साल सत्त्याऐंशी असावं. वर्गात आम्ही दोनच मुली. मी अमळनेरहून एस्टीने ये-जा करायची. आमचे सर तैलरंगात पटाईत होते, हे मी आजही नाकारत नाही. रविवारी ते आम्हाला लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी निसर्गचित्रं काढायला न्यायचे.

खालचा थर वाळू द्यायचाच नाही, ही त्यांची पद्धत. बोर्डावर अळशीच्या तेलात कालवलेला पांढरा रंग पातळ पसरायचा आणि तो ओला असतानाच आकाश, लांबचे डोंगर, शेवटी जवळची झुडपं. "खाली पातळ, वर जाड. ब्रश टेकवला की उचल, चिंधीला पूस. दुसऱ्यांदा फिरवलास की चिखल झालाच."

कित्येक महिने माझा चिखलच झाला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र जमलं. डोंगराची कड आकाशात विरघळली, हवी तेवढीच. सर मागे येऊन उभे राहिले. मग माझ्या हातातला ब्रश घेऊन त्यांनी कोपऱ्यात एक बाभूळ काढली. चार-पाच फटकारे, बस. रंग ओलाच होता, त्यांचे फटकारे माझ्या रंगात मिसळून गेले.

"वाळायला माझ्याकडे राहू दे," म्हणाले.

दोन महिन्यांनी जळगावला कलाशिक्षकांचं प्रदर्शन होतं. वर्गातली मैत्रीण आणि मी बघायला गेलो. दाराजवळच माझं चित्र. खाली सरांची सही, शेजारी पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी. मैत्रिणीने माझा हात घट्ट धरला.

सर एकटे दिसल्यावर मी म्हटलं, "सर, हे माझं चित्र आहे."

"बाभूळ कोणी काढली?"

"तुम्ही. पण बाकीचं..."

"बाकीचं कुठे संपतं आणि बाभूळ कुठे सुरू होते, दाखव बरं."

मला दाखवता येईना. ते हसले. "अगं, खूश हो. तुझ्या सरांना बक्षीस मिळालं."

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "चूप ऱ्हाय बेटा. मार्क त्यासना हातमा शेत."

मार्क सरांच्याच हातात होते, हे खरंच होतं. मी गप्प राहिले. मार्क चांगले पडले. ते माझ्या कामाचे होते की गप्प बसण्याचे, कधीच कळलं नाही.

पुढे जामनेरला शाळेत लागले. सर निवृत्त झाले तेव्हा सत्काराला जुनी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला बोलावलं. सगळं सांगायचं, असं घरून ठरवून गेले होते. माईकसमोर उभी राहिले आणि "सरांनी आम्हाला घडवलं" एवढं बोलून खाली बसले. टाळ्या पडल्या. सरांनी हात जोडले. त्यांना काही आठवत होतं की नाही, चेहऱ्यावरून समजलं नाही.

परतीच्या एस्टीत मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला.