माझ्या चुड्याला आई लांब उभी होती

मंडळी, आज सकाळी कांदिवलीला आमच्या घरी माझा चुडा भरला आणि मी अजून तरंगतेच आहे.

आम्ही मालवणकडचे. सासर मढच्या कोळीवाड्यातलं. आमच्या घरात चुडा भरताना नवरा गेलेल्या बाईने लांब राहायचं. त्यामुळे बाबा गेल्यापासून रिकाम्या हातांनी वावरणारी माझी आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात तिनेच डोळ्यांनी नको म्हटलं.

माझे दोन्ही हात भरून झाले. बांगडीवाल्या काकू पेटी आवरायला लागल्या, तशा होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "थांबा, आमच्या विहीणबाई राहिल्या ना!"

मावशी पुटपुटली, "आमच्यात नाही हो चालत."

"आमच्याकडे चालतं. पोरीच्या लग्नात आईचे हात रिकामे नाय ठेवत आम्ही," म्हणत त्यांनी आईला हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं.

काकूंनी हिरव्या बांगड्या उचलल्या. आई बराच वेळ पेटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "निळ्या आहेत?"

आईला निळा रंग आवडतो, हे मला आज कळलं यार!

आत्ता दुपारी सगळे पाहुणे गेलेत. आई जरा पडलीय. ती कुशीवर वळली की किणकिण होते, आणि मी हातातलं काम थांबवून ऐकत बसते.

लग्नात दुसऱ्या घरची कुठली रीत तुमच्याकडे आली आणि कायमची राहिली? सांगा ना, आज मला सगळ्या ऐकायच्यात.