बंदर सोलापुरात होतं तेव्हा

माझी बायको सध्या मुंबईत असते. लेकीच्या बाळाला सांभाळायला म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. लेकीच्या घराच्या गॅलरीतून समुद्र दिसतो, आत यायची वाट बघत उभी असलेली जहाजं दिसतात. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो आणि आज किती उभी आहेत ते ती मला सांगते. मी इकडे सोलापुरात, भवानी पेठेत भाकरी करपवत असतो. ती परत कधी येणार, एवढंच मला हवं असतं आणि नेमकं तेवढंच विचारायचं राहून जातं.

जहाजांचं तिला एवढं काय, असं कुणाला वाटेल. त्याला कारण आमचे सर.

कॉलेजात ते आम्हाला लोकप्रशासन शिकवायचे. इंग्रजांच्या काळातल्या बंदराचा कारभार हा त्यांचा जीव की प्राण. आणि वर्गात आम्ही मंगळवेढ्याचे, बार्शीचे, अक्कलकोटचे. समुद्र पाहिलेला एक जण नाही. सर म्हणायचे, बरंच आहे, डोक्यात आधीचा कचरा नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडावर ते वर्गातच बंदर मांडायचे. उंबरठा म्हणजे बंदराचं तोंड, व्हरांडा म्हणजे समुद्र. एक जण बंदराचा साहेब, एक जकातीचा, एक आरोग्याचा. बाहेर जहाज येऊन थांबलेलं, जहाजावर पटकीची साथ. तिघा साहेबांचं एकमत झाल्याशिवाय जहाजानं उंबरठा ओलांडायचा नाही, बोलायचंही नाही. साथ आहे हे कळावं म्हणून कप्तानानं पिवळं निशाण दाखवायचं, बास.

आमच्या वर्षी कप्तान झाली ती मंगळवेढ्याकडची, घरी शेरडं-मेंढरं असलेली, होस्टेलवर राहणारी मुलगी. पुढे माझी बायको झाली ती हीच. सरांनी तिच्या हातात पिवळा रुमाल दिला आणि तिला उन्हात उभं केलं. मी आरोग्याचा साहेब. बार्शीचा एक जण बंदराचा साहेब झाला होता. त्याच्या वडिलांची भुसार मालाची अडत, त्यामुळे तो बंदर चालवायला लागला ते थेट बार्शीच्या बाजारासारखं. म्हणे, आधी पोती उतरवा, वजन करा, माणसांचं मागनं बघू. जकातवाला म्हणाला, जकात भरल्याशिवाय पोतं हलणार नाही. मी म्हणालो, पोत्यालासुद्धा साथ लागलेली असेल, सगळा माल धुरी देऊन घ्या. आमची अशी जुंपली की सर खुर्चीत मागे रेलून नुसते ऐकत बसले. बाहेर ती रुमाल हलवत होती. आम्हाला वाटलं, काय झकास काम करते.

तास संपला तेव्हा सरांनी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "कप्तान, जहाजावरची परिस्थिती काय?"

ती आधी कोपऱ्यातल्या माठाकडे गेली. दोन पेले पाणी प्यायली. मग म्हणाली, "समदी मेली, सर. पाणी कुणी धाडलंच न्हाय."

वर्ग हसला. बार्शीवाला म्हणाला, "अगं, जहाज पाण्यातच हाय की."

सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "खारं असतं ते." घरी नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारी माणसं आम्ही, हंडे-कळश्या भरून ठेवण्यात जन्म गेलेला. पण एवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याला पाणी लागेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरांनी उरलेला आठवडा त्यावर घालवला. बंदरातून बाहेरच्या जहाजांना पिण्याचं पाणी कोण पोचवायचं, त्या होड्या कुणाच्या ताब्यात असायच्या, तिघा साहेबांच्या भांडणात त्या किनाऱ्यालाच कशा पडून राहायच्या. इतकं मन लावून मी पुढे काहीच शिकलो नाही.

नंतर तोच विषय मी आयुष्यभर शिकवला. सर गेले, मी रिटायर झालो. तो पेपर आता कुणी घेत नाही. पण मला अजून लख्ख आठवतं ते सगळं, तिच्यासकट. आम्ही दोघं जेवताना बंदराचा कारभार बोलायचो. ती भाकरी थापता थापता विचारायची, "मग बंदराच्या दिव्याचा खर्च कुणाकडनं घ्यायचे?" आणि माझं उत्तर तिला पटलं नाही की भाकरी उशिरा यायची. असं घर सगळ्यांचं असतं असं मला वाटायचं. आता कळतं, नसतं.

परवा फोनवर ती म्हणाली, बाळ आता बालवाडीत जायला लागलंय, लेकीनं बाईही ठेवलीय. म्हणजे तिकडचं काम संपलं. मी धीर केला.

"मग ये की आता. मला हितं करमत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो असेन.

"सकाळी मी एकटीच धक्क्यावर जाते," ती म्हणाली. "कुणाचा चहा न्हाय, कुणाचा डबा न्हाय. नुसती बसते. लई बरं वाटतं."

"माझी आठवण येत नाही?"

"येती की. रोज येती," ती म्हणाली. "पर आठवण आली म्हणून परत यावंसं वाटत न्हाय. हे कसं सांगू तुमाला?"

"सांगितलंस की," मी म्हणालो.